मशीनमधलं जवसाचं तेल

आत्याबाई, तुमची मशीन मी गेल्या आठवड्यात उघडली. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं ती मागच्या खोलीत तुमच्याच जुन्या लुगड्याखाली उभी आहे. वर रिकामी पोती, पोत्यांवर बंद पडलेला टेबल फॅन, फॅनवर धूळ. तुम्ही असतात तर पहिल्या पोत्यालाच तुमच्या या सुनेच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. उघडली म्हणजे नुसतं लुगडं काढलं असं नाही, तुम्ही शिकवलं होतं तशी उघडली. सुई काढली, सुईजवळचा पाय काढला, कापड सरकवणाऱ्या दात्यांवरच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडवले, बॉबिनची डबी खालून काढली, आणि सगळं काढलं त्या क्रमाने ताटात मांडलं, म्हणजे लावताना उलट्या बाजूने यायचं. दात्यांखाली कपड्याचा भुसा तेलात माखून घट्ट बसला होता, जुन्या गादीतल्या कापसासारखा. तो कोंबडीच्या पिसाने काढायचा, फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ लागली की लोखंड गंज धरतं, हे तुमचं सांगणं. मी अजून फुंकर मारत नाही. बाकी पुष्कळ गोष्टींत मी तुमचं ऐकलं नाही, पण मशीनच्या बाबतीत शब्द खाली पडू दिला नाही.

त्याचं कारण असं की पुसदहून ताईंच्या मुलाचा फोन आला. तुमच्या लेकीचा लेक, तुमचा पहिला नातू. आता त्याचेच केस पांढरे व्हायला लागलेत. म्हणाला, "मामी, आईले डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. आता काही करन्यासारखं नाही म्हनते. तिचं एकच चालू हाय, माहेरी घेऊन चाल, आजीची मशीन पाह्यची हाय." मी म्हटलं, आण, केव्हाही आण. फोन ठेवला आणि तशीच मागच्या खोलीत गेले. ताई या घरात येतच नव्हत्या असं नाही. लग्नकार्याला आल्या, तुमच्या तेराव्याला आल्या, पण चाळीस वर्षांत त्यांनी इथे एक मुक्काम केला नाही. सकाळच्या बसने यायचं, पदराने घाम पुसत जेवायचं आणि दुपारच्या बसने यवतमाळवरून पुसद गाठायचं. तुम्ही म्हणायच्या, खोटं बोलली म्हणून तोंड लपवते. ताई म्हणायच्या, आईच्या मनातून मी उतरले. दोघींनाही खरं काय ते माहीत नव्हतं. ते एकट्या मला माहीत होतं. मी ठरवलं, ताई यायच्या आत मशीन चालू करायची. चालू मशीन त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी दोन टाके घातले, की मला तोंडाने काही सांगावं लागणार नाही.

माझं लग्न वैशाखातलं, म्हणजे दसरा आला तेव्हा मी या घरात पाच महिन्यांची होते. मी झरी जामणीकडची, जंगलाच्या कडेच्या गावातली. शिलाई मशीन आमच्या वस्तीत कोणाकडे नव्हती. फाटलं की सुईदोरा, आणि काही कुरकुरलं की घाण्याचं जवसाचं तेल. दाराच्या बिजागरीला तेच, विहिरीच्या चाकाला तेच, बैलगाडीच्या आसाला तेच, आणि उरलं तर भाजीला. तेल म्हणजे तेल. ते एकमेकांना चालत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र दर खंडेनवमीला मशीन उघडून पुसायच्या, तेल द्यायच्या, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायच्या, आणि कोणी चुकून पाय देऊ नये म्हणून पायडलला दोरा बांधायच्या. दसऱ्याच्या दिवशी तिला सुट्टी. आमच्या घरात तेवढी एकटीच बाई होती जिला सुट्टी मिळायची.

त्या नवमीला तुम्ही सकाळच्या बसने राळेगावच्या बाजाराला गेल्या. झेंडू आणायला जाते म्हणालात. मशीनचं तेल संपलंय आणि तेही आणायचंय, हे बोलला नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत मशीन लखलखीत करून ठेवावी, सासू खूश होईल. तुम्हाला पुसताना दोनदा पाहिलं होतं, तेवढ्यावर पुसली. मग लांब चोचीची ती कुपी घेतली. ती कोरडी होती. मी स्वयंपाकघरात गेले, बरणीतलं जवसाचं तेल कुपीत भरलं आणि मशीनला जेवढी भोकं दिसली तेवढ्यांत घातलं. तुम्ही एकेक थेंब घालायच्या, मी हात आखडला नाही. तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवलीत, एका बोटाने चाक फिरवून पाहिलंत. अलगद फिरलं. ताज्या तेलावर काहीही फिरतं. "कुपीत होतं का व तेल?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "होतं थोडंसं." आत्याबाई, त्यावेळी मला ते खोटंही वाटलं नव्हतं. भरलं म्हणजे होतंच की.

मग तुम्ही शेजारच्या चार बायकांना बोलावून दाखवलंत. "पाहा व, माह्या सुनेनं न सांगता केलं. नाही तं माही लेक! तिले मशीन म्हनजे खेळनं वाटे." आणि पितळी मुठीची ती छोटी कात्री, दोरा कापायची, तुमच्या वडिलांनी तुम्हाला दिलेली, ती तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. मी तुमच्या पाया पडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी या घरात टिकेन. एरवी तुमचं म्हणणं असायचं की मशीनले तेल अन सुनेले बोल मापातच द्यावा, आणि तुम्ही पहिल्यात माप सांभाळायच्या अन दुसऱ्यात हात सैल सोडायच्या. त्या दिवशी बोल नव्हता, कात्री होती. ती मी उशाशी घेऊन झोपले.

दसरा झाला, कापसाचा पहिला वेचा सुरू झाला, तुम्ही पहाटे शेतात जायच्या त्या दिवेलागणीला यायच्या. मशीन पंधरा-वीस दिवस लुगड्याखाली झाकलेली. आश्विनातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, भिंतीतून आत येतं. त्याच दिवसांत ताई पहिल्या बाळंतपणाला आल्या. सातवा महिना, पाय सुजलेले. कोणी तरी सांगितलं म्हणून जवसाच्या तेलाची एक शिशी घेऊन त्या पाय चोळत बसायच्या. आल्या त्या दिवसापासून त्यांनी मला सूनबिन मानलंच नाही, बहिणीसारखं घेतलं. एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, चूल विझली, तुम्ही ओरडत आलात, तर ताई म्हणाल्या, "माह्याच हातून गेलं व आई." तुम्हाला ते खरं वाटलं नाही, माझ्या हाताला साय लागली होती. "खोटं बोलाची सवयच हाय तुले," असं तुम्ही त्यांना म्हणालात, आणि तुमच्या पाठीमागे त्या माझ्याकडे पाहून हसल्या. ते हसणं मला अजून दिसतं.

पोर हाती येईपर्यंत त्याच्यासाठी सुई चालवायची नाही, हा आपल्याकडचा नेम. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचं, नवं शिवायचं ते बारशाला. ताईंना दम निघाला नाही. एका दुपारी मला म्हणाल्या, "दारात उभी राह्य. कोनी आलं तं खोक." आणि मऊ धोतर फाडून झबलं शिवायला बसल्या. शिशी मशीनच्या फळीवरच होती. चाक त्यांना जड लागलं. त्यांनी दोन्ही पायांनी जोर दिला, एक बाजू शिवून झाली, आणि दुसऱ्या बाजूला मधेच मशीन थांबली. सुई कापडात, कापड दात्यांत, चाक ना पुढे ना मागे. आम्ही दोघींनी ओढून पाहिलं. मग मीच माझी कात्री आणली, आणि झबलं सुईपासून कापून काढत होते तेवढ्यात तुम्ही आलात. मी खोकले नाही. माझं लक्ष कात्रीकडे होतं.

राळेगावचे मशीन दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. मशीन मागे निजवली, खालून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "बाई, हे मशीनचं तेल नोहे. अलसी हाय, जवसाचं. वाळलं का लाखेवानी बसते. कोनं घातलं?" मी दारात चहाचे ग्लास घेऊन उभी होते. तुम्ही फळीवरच्या शिशीकडे पाहिलंत आणि मग ताईंकडे. ताई म्हणाल्या, "मी नाही घातलं आई, तुह्या पायाची आन." आणि तुम्ही म्हणालात, "पोटात लेकरू अन तोंडात खोटं? काहून व? कोनतं पाप फेडशीन?" चाचांनी मान खाली घातली. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. चाचांना चहा दिला आणि परत दारात येऊन उभी राहिले.

सांगायचं असतं तर तेवढाच वेळ होता, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. त्या संध्याकाळी ताई पिशवी भरत होत्या, तेव्हा वेळ होता. दुसऱ्या दिवशी जावई न्यायला आले, तेव्हा होता. ताई बसमध्ये चढताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "आईले सांभाळ." तेव्हाही होता. पहिलं बाळंतपण सासरी झालं, गावात बोभाटा झाला, तुम्ही कोणापुढे मान वर करेनात, आणि बारशाला गेलात त्या पाहुण्यासारख्या जाऊन आलात. मी तुमच्यासोबत होते. अर्धं कापलेलं ते झबलं ताईंनी नीट करून पोराला घातलं होतं, बाजूला माझ्या कात्रीची वाकडी रेघ तशीच होती. तुम्ही ते पाहिलंत आणि दुसरीकडे पाहिलंत. मी पोराला मांडीवर घेतलं.

चाचांनी तीन दिवस घासलेट घालून मशीन सोडवली, पण ती पहिल्यासारखी कधीच झाली नाही. जड चालायची. आणि मग तुम्ही मला शिकवायला घेतलंत. लेकीने बिघडवलेली मशीन सुनेने सांभाळावी, असं तुमच्या मनात असावं. दर शनिवारी दुपारी. आधी घासलेटचे दोन थेंब, चाक नुसतं फिरवायचं, काळं पाणी बाहेर येईल ते पुसायचं, मग कोरडी करून एकेक थेंब मशीनचं तेल, मग चिंधीवर चार ओळी शिवायच्या, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग नको. पट्टा सैल पडला तर तुकडा काढून पुन्हा तार अडकवायची. सुई बोथट झाली की आवाजावरून ओळखायची. तुम्ही मला वीस-पंचवीस प्रकारची कामं शिकवलीत, गावभरच्या पोलक्यांची मापं माझ्या हवाली केलीत, लोकांना सांगायच्या, ही माही लेकच हाय. आणि मला चांगलं कळत होतं की लेकीची जागा रिकामी झाली म्हणून ती मला मिळाली. ती मला सोडवेना. एवढं सरळ कारण आहे, आत्याबाई. भीती वगैरे पहिल्या वर्षी होती, पुढची सगळी वर्षं मला ती जागा आवडत होती.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी एकदा विचारलं होतं, ताईंना बोलावू का. तुम्हाला हात उचलवत नव्हता, पण जीभ शाबूत होती. भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "कायले? खोटं बोलनाराचं तोंड पाहून मले कोनता मोक्ष भेटते?" मी तुमच्या तोंडात चमच्याने पेज घातली. तुम्ही खाल्लीत. पेज भरवायला समोर कोण बसलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ताई पोचल्या तेव्हा माती होऊन गेली होती.

आता या आठ-दहा दिवसांचं सांगते. घासलेट हल्ली रेशनला येत नाही, म्हणून तुमच्या लेकाकडून ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल आणवलं. दिलं त्यांनी, पण कुरकुरत. "कायले घासून राह्यली व त्या लोखंडाले? भंगारवाला दर मंगळवारी येते." मी पाच दिवस घासलं. पिसाने, जुन्या दात घासायच्या ब्रशने, टाचणीने. चाक दुसऱ्या दिवशी पाव फेरा फिरलं, मला रडू आलं, आणि मग ते तिथेच अडकलं ते अडकलं. राळेगावला गेले तर चाचांच्या दुकानात मोबाइल विकतात. त्यांच्या पुतण्याने फोटो पाहिला, चांगला पोरगा आहे, खुर्ची दिली, म्हणाला, "काकू, आतून गंजली. पार्ट बी नाही भेटत आता. घरात ठेवा आठवन म्हनून." घरी येऊन मी पुन्हा टाचणी घेऊन बसले. चाकाच्या अलीकडे एक आडवं भोक आहे, मला वाटतं चाचांचं घासलेट तिथवर पोचलं नव्हतं. त्यातून पिवळा चिवट पापुद्रा निघाला, वाळलेल्या डिंकासारखा. मी तो नाकाशी नेला. चाळीस वर्षांनी वास कुठून येणार, पण मला आला. त्यानंतर मी मशीन लावून टाकली, वरून पुसली, हळदकुंकू लावलं.

ताई बुधवारी दुपारी आल्या. मुलाने उचलूनच आणलं, एवढ्याशा झाल्यात. खुर्ची मशीनपुढे ठेवायला सांगितली. फळीवर हात फिरवला, शिशी असायची त्या कोपऱ्यापर्यंत नेला, आणि विचारलं, "चालते?" मी म्हटलं, "नाही ताई. जाम झाली." मुलगा पाणी प्यायला बाहेर गेला. मग ताई म्हणाल्या, "मीच बिघडवली न व इले?" मी फळीवर सांडलेलं कुंकू बोटाने टिपलं. "पह्यले मले पक्कं वाटे का मी नाही घातलं. बरेच वर्ष वाटे. मंग वाटाले लागलं, आई आन घेतली तरी आयकत नाही, तं घातलंच असंन मी. शिशी तं माहीच होती. आता तं मले दिसते बी, मी तेल घालून राह्यली ते." आत्याबाई, त्यांना दिसतं. जे त्यांनी केलंच नाही ते त्यांना दिसतं.

तोंड उघडलं होतं मी. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "जातानी आई काही म्हने का माह्याबद्दल?" आणि मी म्हणाले, "म्हने न. म्हने, लेकराच्या हातून होते, म्या तिले कवाच माफ केलं." ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नव्हता. त्यांनी हात जोडले. मशीनला जोडले, तुम्हाला की मला, ते कळलं नाही. "अन तू व? माह्यापायी तुले जलमभर जड मशीन हाकलावी लागली." मी त्यांचे जोडलेले हात तसेच राहू दिले आणि म्हणाले, "मी बी केलं माफ, ताई. जुन्या गोष्टी हायेत त्या." त्या रात्री त्या मुक्कामाला राहतील असं मला वाटलं होतं, अंथरूणही काढून ठेवलं होतं. पण औषधं पुसदला राहिली होती, म्हणून पाचच्या आत निघाल्या. जाताना त्यांनी पुन्हा माझ्या गालाला हात लावला.

हे मी वहीच्या पानांवर लिहितेय, मशीनच्या फळीवर वही ठेवून. पानं फाडून मशीनच्या खणात ठेवीन, मंगळवारी भंगारवाला आला तर बाहेर काढीन, नाही आला तर राहतील तिथेच. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. ज्यांना सांगायला हवं त्या अजून आहेत, फोन केला तर पाच मिनिटांचं काम आहे, हे मलाही कळतं.

काल सकाळी तुमच्या नातवाचा फोन आला. म्हणाला, "मामी, तुमच्याकडून आल्यापासून आई एकदम शांत हाय. बोलनं बंद झालं, पन जागी हाय, डोये उघडे हायेत, सगळं आयकू येते तिले. फोन कानाले लावून देऊ का? काही बोलता का?" मशीन समोरच होती, मी अडकलेल्या चाकावर हात ठेवून उभी होते. मी म्हटलं, "नको रे बाप्पा. झोपू दे तिले." तो बरं म्हणाला. ताई जाग्या आहेत हे त्याने मला आधीच सांगितलं होतं.